तिसरीतल्या मुलाला गवा काढायला कसा शिकवावा?

तुम्ही विचारलंय, मुलगा तिसरीत आहे, वन्यजीव सप्ताहाच्या स्पर्धेसाठी सोप्या पाच पायऱ्यांत गवा सांगा. पाच पायऱ्यांत गवा होत नाही, म्हैस होते. शिराळा तालुक्यात मी चित्रकला शिकवतो आणि दर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तेच बघतो: काळी म्हैस, पायांत पांढरे मोजे, खाली ‘गवा रेडा’. नावातच रेडा घुसलाय, पण गवा गाई-बैलांच्या कुळातला.

एका स्पर्धेत अशाच म्हशीला पहिला नंबर मिळाला आणि चौथीतल्या मुलीचा खरा गवा ‘पाठ मोडल्यासारखी दिसते’ म्हणून बाजूला पडला. तिने काय केलं होतं ते सांगतो, तुमचं उत्तर त्यातच आहे.

ए-फोर कागद आडवा. खालून ३ सेंमीवर जमिनीची रेघ. तिथून खांदा १२ सेंमी उंच, मागचा पुठ्ठा (शेपटीवरचा, ढुंगणाचा भाग) १०. छातीपासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी १४. खांद्यावरून निघालेला उंचवटा पाठीच्या मध्यापर्यंत जातो आणि तिथे पायरी उतरावी तसा एकदम खाली येतो. तीच ती ‘मोडलेली’ पाठ! खिलार बैलाच्या वशिंडासारखा तो मांसाचा गोळा नव्हे. आत मणक्यांची वर वाढलेली हाडं असतात, म्हणून तो लांब आणि ताठ दिसतो. मुलं हमखास वशिंड काढतात, कारण डोळ्यांना खिलार सवयीचा. ही एक रेघ बरोबर आली की रंगाआधीच गवा ओळखू येतो.

शिंगांचंही तसंच. पंढरपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी मागे खांद्याकडे जातात. गव्याची बाजूला निघून वर वळतात आणि टोकं आत येतात. रंग पिवळसर, टोकं काळी. दोन्हींच्या मध्ये कपाळाचा फिका फुगवटा. कान शिंगांच्या खाली, आडवे. आधी कान काढले तर शिंगांना जागा उरत नाही, म्हणून शिंगं आधी.

छाती खोल असते, त्यामुळे पोटाखाली पाय जेमतेम ५ सेंमी दिसतो. गुडघ्याखालचा भाग पांढरट. मागच्या पायाचा सांधा मागे निघतो, तो गोठ्यातल्या गाईवर बोट ठेवून दाखवा, नाहीतर टेबलाचे पाय येतात.

तेलखडूने रंगवताना आधी गडद तपकिरी, वरून काळा, तोही पोटाकडे आणि मानेखाली जास्त. सगळा काळा फासला की पाठीची पायरी दिसेनाशी होते. गुडघ्याखाली पाय रंगवूच नका, कागद कोरा सोडा. काळ्यावर पांढरा खडू घासला की राखाडी चिखल होतो. हाताखाली रद्दी कागद ठेवा.

‘लहान आहेत, सोपं करून द्या’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही. दोन गोलांचा प्राणी शिकलेलं मूल पुढे वाघ, कोल्हा, गवा, सगळे त्याच दोन गोलांतून काढतं. चांदोली-कोयनेचं जंगल उशाला, २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, आणि आपल्या मुलांना इथला गवा म्हशीपासून वेगळा काढता येऊ नये, हे मला सहन होत नाही.

वरची मापं मोठ्या नराची, बाजूने पाहिलेल्या. मादी अंगाने लहान, तिचा उंचवटाही कमी आणि रंग तपकिरीकडे. मूल सात वर्षांच्या आतलं असेल तर पट्टी हातात देऊ नका, मनाने काढू द्या. आणि खरा गवा दाखवायचा म्हणून त्याला उसाच्या फडाकडे नेऊ नका. एकटा नर बिथरला तर पळायला वेळ देत नाही. बाजूने काढलेला एक स्वच्छ फोटो पुरतो.