वाचकांचे प्रश्न : पंधरा हजारांत अस्सल चित्र मिळेल का?

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि डोंबिवलीत नुकतेच स्वतःचे घर घेतले आहे. बैठकीच्या खोलीतील एका भिंतीसाठी छापील चित्राऐवजी चित्रकाराने स्वतः काढलेले चित्र घ्यावे, असे मनात आहे. परंतु पंधरा हजारांपलीकडे खर्च झेपणार नाही. काळा घोड्याला जहांगीर कलादालनाच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आम्ही परत आलो, कारण आत कोणी काही विचारले तर काय बोलावे, हे सुचेना. कोठून सुरुवात करावी?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : तिसऱ्यांदा जाल तेव्हा सरळ आत शिरावे. १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूत प्रवेशमूल्य नाही आणि आत येणाऱ्याने काही विकत घेतलेच पाहिजे, अशी अपेक्षाही नाही. येथील दालने बहुधा चित्रकारच भाड्याने घेतात. एक प्रदर्शन साधारणपणे मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी उतरते. त्या एका आठवड्यासाठी चित्रकाराने कित्येकदा काही वर्षे वाट पाहिलेली असते, त्यामुळे तो दिवसभर स्वतः तेथे बसून असतो. प्रश्न विचारणाऱ्याचा त्याला कंटाळा येत नाही; कंटाळा येतो तो चित्राकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढणाऱ्यांचा.

किंमत चित्राखाली बहुधा लिहिलेली नसते. टेबलावर यादी असते, ती निःसंकोचपणे मागावी. लाल टिकली लावलेले चित्र विकले गेले, असे समजावे. अनेक चित्रकार चौरस इंचाचा दर ठरवून किंमत काढतात, म्हणून ज्या चित्रकाराचा चार फुटी कॅनव्हास तुमच्या आवाक्याबाहेर असतो, त्याचेच फूटभर लांबीचे काम आवाक्यात येऊ शकते. खासगी गॅलरीतून घेतलेल्या चित्राच्या किमतीत गॅलरीचा एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंतचा वाटा असतो. हा वाटा अनाठायी असतो असे मी म्हणणार नाही, कारण चांगली गॅलरी चित्रकाराला वर्षानुवर्षे सांभाळते. पण पहिल्या खरेदीला तो भार कशाला?

पंधरा हजारांत मोठा कॅनव्हास घेण्याचा हट्ट धरलात, तर बहुधा सोफ्याच्या रंगाला जुळणारे, हॉटेलच्या लॉबीत शोभेल असे काहीतरी पदरात पडेल. त्याऐवजी कागदावरचे काम पाहावे : जलरंग, रेखाटने आणि विशेषतः छापचित्रे. एचिंग (धातूच्या पत्र्यावरून काढलेला छाप), वुडकट (लाकडी ठशावरून) किंवा लिथोग्राफ (दगडावरून) हे चित्रकाराने स्वतः ठसा घडवून काढलेले मूळ काम असते. कोपऱ्यात पेन्सिलीने ‘७/२५’ लिहिलेले असेल, तर एकूण पंचवीस प्रतींपैकी ही सातवी, असा त्याचा अर्थ. संगणकावरून कॅनव्हासवर छापून वर वॉर्निशचे फटकारे मारलेली प्रत ही याहून अगदी वेगळी वस्तू आहे. भिंगातून पाहिल्यास तिच्यात यंत्राने उडवलेले रंगाचे बारीक ठिपके दिसतात. अशी प्रत घेण्यात गैर काही नाही, मात्र तिला मूळ चित्राची किंमत देऊ नये. छापील चित्रांना मी कमी लेखतो असेही समजू नका. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला आणि लक्ष्मी-सरस्वतींच्या त्या ओलिओग्राफांनी, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापांनी, आपल्या आजी-आजोबांच्या भिंती भरल्या. परंतु ती चित्रे छापील आहेत, हे कोणी लपवले नव्हते.

शोध कोठे घ्यावा, तर पहिल्यांदा जहांगीरच्या बाहेरच्या पदपथावर, जेथे चित्रकार आपली कामे मांडून बसतात. पावसाळ्यात आतल्या दालनांत तरुण चित्रकारांचा मान्सून शो भरतो. सर ज. जी. कला महाविद्यालयाचे विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन तर मी शक्यतो चुकवीत नाही, कारण तेथे हात अजून बाजाराला सरावलेला नसतो. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात एकाच फेरीत अनेकांचे काम पाहायला मिळते. पहिले दोन-तीन महिने काहीही विकत न घेता नुसते पाहावे, जवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातही एक-दोन दुपारी घालवाव्यात. घरी परतल्यावर आठवड्यानेही जे चित्र आठवत राहील, त्याच्या चित्रकाराला फोन करावा.

भाजीसारखी घासाघीस मात्र करू नये. दोन किंवा तीन हप्त्यांत पैसे दिले तर चालतील का, असे विचारण्यात काहीच कमीपणा नाही. तरुण चित्रकार बहुधा मान्य करतात. चित्राचे नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत लिहिलेली सही केलेली पावती घ्यावी. फ्रेमसाठी दोन-तीन हजार आधीच बाजूला ठेवावेत, म्हणजे चित्रासाठी साधारण बारा उरतात.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या जलरंगातील चित्रावर यंदाच्या पावसाळ्यानंतर तांबूस ठिपके उठले आहेत. ते कापसाने पुसावेत का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच पुसू नये, ओल्या कापसाने ठिपक्यांबरोबर रंगही निघेल. दमट हवेमुळे कागदात धरलेल्या बुरशीचा हा परिणाम असावा आणि स्वस्त माउंट बोर्डातील, म्हणजे फ्रेमच्या आत चित्राभोवती लावलेल्या पुठ्ठ्यातील, आम्ल त्याला हातभार लावते. फ्रेम उघडून चित्र पंख्याच्या नव्हे, तर कोरड्या खोलीच्या हवेत सुकू द्यावे आणि आम्लरहित माउंट वापरून पुन्हा बसवावे. काच चित्राला टेकता कामा नये. मधले अंतर राखणे हेच माउंटचे काम. तसेच पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवरून हे चित्र आतल्या भिंतीवर आणावे. उठलेले ठिपके काढणे हे कागदाच्या जतनाचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचे काम आहे.

प्रश्न : हुसेन यांचे चित्र शंभर कोटींच्या वर गेल्याचे वाचले. नव्या चित्रकारांची चार-पाच चित्रे आज घेऊन ठेवल्यास दहा वर्षांत चांगला परतावा मिळेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मिळेल असे मानून घेऊ नये. हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्राम यात्रा’ मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेले, हे खरे. परंतु ते १९५४ सालीच दिल्लीत विकत घेणाऱ्या डॉक्टरांनी पुढे ऑस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकले आणि कित्येक दशके ते तेथेच राहिले. दहा वर्षांचा हिशेब मांडून कोणी ते घेतले नव्हते. त्या काळी चित्रे रंगवणाऱ्या शेकडो जणांची कामे आज लिलावात दिसतही नाहीत. शिवाय नव्या चित्रकाराच्या कामाला फेरविक्रीचा बाजार जवळजवळ नसतो, आणि गिऱ्हाईक मिळालेच तर नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो, कारण चित्रे ही आयकराच्या दृष्टीने घरातील वैयक्तिक वस्तूंत मोडत नाहीत.

प्रश्न : आम्ही विकत घेतलेले चित्र मुलीच्या लग्नपत्रिकेवर छापायचे आहे. चित्रकाराला विचारावे लागेल का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : होय. चित्र तुमचे झाले, तरी लेखी करार करून घेतल्याखेरीज त्याचा कॉपीराइट तुमच्याकडे येत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. लग्नपत्रिकेसाठी सहसा कोणी नकार देणार नाही. संमती लेखी घ्यावी, पत्रिकेच्या मागे चित्रकाराचे नाव छापावे आणि एक पत्रिका त्यांनाही पाठवावी.