जुन्या फझची नवी प्रत : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात फझ पेडलबद्दल, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाटका, घरघरता करणाऱ्या डब्याबद्दल, ओझरतं लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेक पत्रं साठच्या दशकातल्या पेडलांच्या हल्ली निघणाऱ्या प्रतिकृतींबद्दलची आहेत. इतरांच्याही उपयोगी पडतील अशी पाच निवडली आहेत. पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : १९६६च्या गोल डब्याच्या फझ फेसची हाताने बनवलेली प्रतिकृती घेतली. आत एनकेटी २७५ जर्मेनियम ट्रान्झिस्टर, जुन्या धाटणीचे रेझिस्टर, सगळं जसंच्या तसं. मित्राकडे त्याच कारागिराचं तेच पेडल आहे. शेजारी ठेवून वाजवली तर त्याचं भरदार वाजतं आणि माझं पातळ, तुटक. मी फसलो का?

उत्तर : फसला नाहीत. तुमच्या पेडलचं शेवटचं काम तेवढं राहून गेलंय, आणि ते नंतरही करता येतं.

फझ फेस उघडलंत तर आत सामान किती थोडं आहे हे बघून नवल वाटेल. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर, दोन पॉट (नॉबने फिरवायचे रोध). बस्स. लंडनच्या आर्बिटरने ते बाजारात आणलं, आणि तो गोल डबा मायक्रोफोन स्टँडच्या बैठकीवरून सुचलेला. इतक्या थोड्या भागांच्या सर्किटमध्ये प्रत्येक भागाचा स्वभाव थेट आवाजात उतरतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टर तर स्वभावाने एकसारखे कधीच नव्हते. एकच नंबर छापलेल्या दोन नगांचा गेन, म्हणजे करंट किती पट वाढतो तो आकडा, दुपटीनेही वेगळा निघतो. त्यात त्या काळचे रेझिस्टर दहा-वीस टक्के इकडेतिकडे. त्यामुळे अस्सल जुनी पेडलंसुद्धा एकमेकांसारखी वाजत नाहीत. '१९६६सारखा आवाज' असं कोणी म्हणालं की मी आधी विचारते, त्यातल्या कोणत्या पेडलसारखा?

भागांची यादी नकलून प्रतिकृती होत नाही, हे मला माझ्या हाताने केलेल्या तिसऱ्या-चौथ्या पेडलनंतर कळलं. ट्रान्झिस्टर मोजून निवडावे लागतात, आणि मोजायचीही एक रीत आहे. साध्या मल्टीमीटरवरचा ट्रान्झिस्टर टेस्टर जर्मेनियमच्या बाबतीत हमखास दिशाभूल करतो, कारण बेसला (एमिटर, बेस आणि कलेक्टर या ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी नियंत्रण करणाऱ्या पायाला) काही न देताही जर्मेनियममधून थोडा करंट गळत असतो आणि टेस्टर ती गळतीसुद्धा गेन म्हणूनच दाखवतो. म्हणून मी ९ व्होल्टची बॅटरी घेते. पीएनपी ट्रान्झिस्टरचा एमिटर धनाला, कलेक्टर २.४७ किलोओहममधून ऋणाला. बेस मोकळा ठेवून त्या रेझिस्टरवरचे व्होल्ट वाचले की गळती समजते. मग बेस २.२ मेगाओहममधून ऋणाला जोडायचा आणि पुन्हा वाचायचं. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला आणि शंभराने गुणलं की खरा गेन हातात येतो.

माझ्या वहीतल्या एका पानावरचे दोन नग सांगते, दोन्ही एकाच नंबरचे. पहिल्याने बेस मोकळा असताना ०.१२ दाखवले आणि बेस जोडल्यावर ०.९२. म्हणजे खरा गेन ८०, गळती किरकोळ. दुसऱ्याने ०.८५ आणि १.५५ दाखवले. टेस्टरवर हा दीडशेच्या पुढचा दणकट नग वाटला असता. प्रत्यक्षात गेन ७० आणि गळती सर्किट वाहून नेईल एवढी. पहिल्या जागी ७०-८०चा आणि दुसऱ्या जागी ११०-१३०चा, दोन्ही कमी गळतीचे, अशी जोडी लागली की फझ फेस बोलायला लागतं. मित्राच्या पेडलमध्ये अशी जोडी नशिबाने पडली असावी.

आता तुमच्या पेडलचं बघू. बॅटरी लावून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरचे व्होल्ट मोजा. बॅटरीच्या निम्मे, साधारण साडेचार, यायला हवेत. तुमच्याकडे सात-आठ किंवा दीड-दोन दिसतील असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर कलेक्टरचा ८.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून तिथे २० किलोओहमचा ट्रिमपॉट (पेचकसने फिरवायचा छोटा पॉट) बसवा, गिटार वाजवत हळूहळू फिरवा. आधी मीटर बघून साडेचारपर्यंत या, मग मीटर बाजूला ठेवून कानाने ठरवा. मला स्वतःला साडेचारच्या किंचित वरचा, थोडा ओला, गोल आवाज आवडतो. सूर सुटताना शेवटी फरफरत न तुटता विरघळला पाहिजे, ही माझी खूण.

एक प्रयोगही करा. मीटर लावलेला असताना ट्रान्झिस्टरची धातूची टोपी चिमटीत धरा. बोटांच्या उबेनेच आकडा सरकायला लागेल, सोडलीत की सावकाश परत येईल. जर्मेनियमची गळती तापमान दहा अंश सेल्सियसने वाढलं की साधारण दुप्पट होते. एकदा उघड्यावरच्या कार्यक्रमात सकाळच्या चाचणीला माझं पेडल उत्तम वाजलं, दुपारी ऊन थेट मंचावर आलं आणि पहिल्याच लांब सुराला आवाज मध्येच मान टाकू लागला. त्या दिवसापासून बायसचा, म्हणजे कलेक्टरचे ते व्होल्ट ठरवणारा, पॉट मी डब्याच्या आत ठेवत नाही, बाहेर नॉब देते. जुन्या पेडलला असा नॉब नव्हता म्हणून काही जण नाक मुरडतात. मुरडू देत. ज्याला ते उन्हात वाजवायचंय त्याला त्याची गरज आहे.

ट्रान्झिस्टर खरंच जर्मेनियमचे आहेत का, अशीही शंका बऱ्याच जणांनी विचारलीय. जुने नंबर छापून भलतंच काही विकणारे आहेत, तेव्हा शंका रास्त आहे. मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि बेस-एमिटर मोजा. ०.२च्या आसपास आलं तर जर्मेनियम, ०.६-०.७ आलं तर सिलिकॉन, टोपीवर काहीही लिहिलेलं असो.

प्रश्न : ताई, मी कॉलेजात आहे. किट आणून पीएनपी जर्मेनियम फझ स्वतः डाख देऊन बनवला. बॅटरीवर मस्त वाजला. मग बाकी पेडलांच्या अडॅप्टरच्या वायरीवर लावला तर सगळीच पेडलं बंद. मी काय जाळलं?

उत्तर : बहुतेक काहीच नाही, घाबरू नकोस. पहिल्याच प्रयत्नात वाजणारं पेडल बनवलंस याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

तुझ्या बाकीच्या पेडलांत बॅटरीचं ऋण टोक ग्राउंडला जोडलेलं आहे. पीएनपी फझमध्ये धन टोक ग्राउंडला असतं. नुसती बॅटरी असली तर कोणाचं काही बिघडत नाही. पण एकाच अडॅप्टरवरून दोन्ही जोडलीस की गिटारच्या केबलच्या जाळीतून सगळ्यांची ग्राउंड एक होतात, आणि अडॅप्टरचं धन आणि ऋण थेट भेटतात. शॉर्ट झाल्यामुळे अडॅप्टरने मान टाकली. फझ काढून घे आणि अडॅप्टर थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लाव, बहुधा चालू होईल.

यापुढे या पेडलला बॅटरीच वापर. अगदी हवाच असेल तर स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट असलेला पॉवर सप्लाय आणि उलट्या पोलॅरिटीची वायर घे. तिसरा मार्ग व्होल्टेज उलटवणाऱ्या चिपचा, हल्लीच्या बऱ्याच प्रतिकृतींत ती असतेच. तो धरलास तर टीसी १०४४एस किंवा ७६६०एस घे आणि एक नंबरची पिन धन पुरवठ्याला जोड. ती मोकळी राहिली तर चिप १० किलोहर्ट्झच्या आसपास चालते आणि फझमधून बारीक शिट्टी ऐकू येते. जोडलीस की ती शिट्टी कानाच्या टप्प्यापलीकडे जाते.

बॅटरी कोणती, हेही तू विचारलंयस. साधी झिंक-कार्बनची. तिचा अंतर्गत रोध अल्कलाइनपेक्षा जास्त असतो आणि जर्मेनियम फझला थोडी दमलेली बॅटरी मानवते. आणि वाजवून झालं की इनपुटची केबल काढून ठेव, नाहीतर बॅटरी रात्रभर चालूच राहते.

प्रश्न : माझी जोडणी ट्यूनर, मग वाह (पायाने झुलवून सुराचा रंग बदलायचं पेडल), मग फझ फेसची प्रतिकृती अशी आहे. फझ कर्कश वाजतो, वाह फिरवला की किंचाळतो. गिटारचा व्हॉल्यूम कमी केला की आवाज स्वच्छ होतो असं सगळे सांगतात, माझा होत नाही. पेडल बदलू का?

उत्तर : पेडल बदलू नका, क्रम बदला. फझ गिटारच्या लगेच नंतर, मग वाह, मग ट्यूनर.

फझ फेसचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा रोध, फारच कमी असतो. तो पिकअपला धरून ओढतो, पिकअपही त्याच्या आवाजावर परिणाम करतो, आणि हे दोघं मिळूनच ते वाद्य बनतं. तुमच्या ट्यूनरमध्ये बफर, म्हणजे पुढच्या पेडलचा भार मागे पोचू न देणारं छोटं सर्किट, असणार. तो दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला की फझला पिकअप दिसतच नाही आणि आवाज पत्र्यासारखा होतो. व्हॉल्यूमची जादूही त्याच नात्यावर चालते. गिटारचा नॉब दहावरून सातवर आणलात की पिकअप आणि फझ यांच्यात रोध वाढतो, सूर निवळतो आणि एक चकाकी राहते. वाह आधी लावला तर फझचा भार त्याच्या फिल्टरवर पडतो आणि त्याचा झोका नाहीसा होतो. वाह आधीच हवा असा हट्ट असेल तर वाहच्या आउटपुटला छोटा बफर आणि त्यापुढे मालिकेत एखादा १० किलोओहमचा रेझिस्टर द्या.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. फझवर पूर्ण कॉर्ड वाजवू नका. षड्ज आणि पंचम एकत्र घट्ट बसतात, पण त्यात गांधार मिसळला की सगळ्या सुरांच्या बेरजा-वजाबाक्या ऐकू यायला लागतात आणि चिखल होतो. दोन तारांवर या, मग बघा.

प्रश्न : सिलिकॉनची फझ प्रतिकृती म्हणजे नक्कलच ना?

उत्तर : नाही. आर्बिटरने स्वतःच पुढे फझ फेसमध्ये बीसी १८३, बीसी १०८ असे सिलिकॉन ट्रान्झिस्टर घातले. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बिग मफचे चारही ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे. गेन जास्त, आवाज धारदार, उन्हातान्हात स्थिर. गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर मात्र जर्मेनियमइतका मऊ निवळत नाही. कधीकधी त्यातून रेडिओ ऐकू येतो, तेव्हा कलेक्टर आणि बेस यांच्यामध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावा.

प्रश्न : बाबांचं साठच्या दशकातलं फझ पेडल माळ्यावर सापडलं. वाजतं, पण गिटारचा व्हॉल्यूम फिरवला की खरखरतं. एकाने सल्ला दिलाय की आतलं सगळं नवं टाक, प्रतिकृतीसारखं एकदम ताजं वाजेल. मला ते बाबा वाजवायचे तसं वाजायला हवंय.

उत्तर : मग सगळं नवं अजिबात टाकू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

फझचा जन्मच एका बिघाडातून झाला. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि ग्रॅडी मार्टिनचा बास घरघरत उमटला. गाणं १९६१मध्ये तसंच बाहेर आलं. तो आवाज पुन्हा हवा म्हणून तिथले ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी ट्रान्झिस्टरचं सर्किट उभं केलं आणि १९६२मध्ये गिब्सनने ते माएस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणलं. तेव्हा जुन्या पेडलमधलं काय दोष आणि काय आवाज, हे उघडण्याआधी ठरवावं लागतं. तुमच्या बाबांच्या कानाने आणि बोटांनी त्या दोन ट्रान्झिस्टरांशी जुळवून घेतलं होतं. ते बदललेत तर पेडल तेच दिसेल, पण वाजेल दुसरं.

खरखर मात्र नक्की दोषच आहे, आणि तिचं ठिकाणही ठरलेलं आहे. इनपुटचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारा होऊन डीसी गळू द्यायला लागला की ते व्होल्टेज गिटारच्या पॉटवर येऊन बसतं, म्हणून पॉट फिरवला की खरखर होते. खात्री करायची तर केबल इनपुटला लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा आणि त्याच्या टिप (टोक) आणि स्लीव्ह (मागची धातूची नळी) यांमधले डीसी व्होल्ट मोजा. शून्य यायला हवेत. काही दिसलं तर तेवढा एकच कपॅसिटर बदला. क्षमता तीच, बहुतेक २.२ मायक्रोफॅरड असेल, धन-ऋण टोकं जुन्यासारखीच. डाख काढताना ट्रान्झिस्टरच्या पायांपासून सोल्डरिंग आयर्न लांब ठेवा, आणि शेजारचा पाय तापायची भीती वाटली तर तो चिमट्याने धरून ठेवा, म्हणजे उष्णता चिमट्यात जाईल. सुरू करण्याआधी आतला फोटो काढा, वायरींचे रंग कागदावर लिहा.

काढलेला कपॅसिटर फेकू नका. छोट्या पिशवीत घालून तारीख लिहा आणि डब्यातच, वायरींना लागणार नाही असा, चिकटवून ठेवा. मग गिटार लावा, व्हॉल्यूम सातवर, आणि बाबा जे वाजवायचे ते वाजवा. नॉब जिथे होते तिथेच राहू द्या. त्यांनी शेवटचे कुठे ठेवले होते त्याची पेन्सिलची खूण मात्र आजच करून घ्या, डबा हलवायच्या आधी.