ट्रकच्या मॉडेलवरचं बारीक रंगकाम : वाचकांचे प्रश्न

केबिनचा मुख्य रंग देऊन झाला आहे, चासी जुळली आहे आणि काचेचं रबर, चाकांचे नट, दिवे, मीटर ही कामं उरली आहेत. या खेपेचे बहुतेक प्रश्न याच टप्प्यावरचे आहेत. उत्तरं १:२४ आणि १:२५ प्रमाणातल्या प्लास्टिक किट डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. १:३५ ला पद्धत तीच, फक्त मापं आणखी लहान होतात.

प्रश्न : समोरच्या काचेभोवतीचं काळं रबर रंगवताना रेघ कुठे जाड, तर कुठे बारीक येते. मिळतो तेवढा बारीक, पाच शून्यांचा ब्रश आणला, तर रेघ जास्तच तुटायला लागली. हात स्थिर नसेल तर हे जमणारच नाही का?

उत्तर : जमेल. आधी तो पाच शून्यांचा ब्रश बाजूला ठेवा. त्याच्या पोटात रंग मावतोच किती! टोक मॉडेलला लागेपर्यंत रंग वाळू लागतो आणि रेघ तुटते. सेबलच्या केसांचा ० किंवा १ नंबरचा ब्रश घ्या. पोट भरलेलं हवं आणि ओला केल्यावर टोक नीट मिटायला हवं.

पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग असेल तर २ भाग रंगाला १ भाग पाणी इथून सुरुवात करा आणि १० थेंबांना १ थेंब रिटार्डर घाला, म्हणजे टोकावर रंग सुकत नाही. ब्रश भरल्यावर पॅलेटवर फिरवत टोक जुळवून घ्या आणि कागदावर एकदा टेकवून जादा रंग सोडून द्या. दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवा, एका हाताची करंगळी दुसऱ्या हाताला लावा. किटमध्ये रबर बहुधा उठावाचं असतं, त्यामुळे टोकाने रेघ ओढत बसू नका. ब्रशची कूस त्या उठावावर टेकवून सरकवा, कड आपोआप सरळ येते.

खऱ्या ट्रकवर हे रबर २५ मिलिमीटर रुंद धरलं, तर १:२४ मध्ये ते जेमतेम १ मिलिमीटर होतं. एवढ्याशा जागेत कुणाचाही हात कधीतरी घसरणार. म्हणून चुकलेली रेघ पुसता येईल अशी सोय आधीच करून ठेवावी. आमच्या लेखी बारीक कामाचा पहिला नियम हाच : वरच्या रंगाच्या थिनरने (रंग पातळ करणाऱ्या द्रवाने) खालचा रंग विरघळता कामा नये. केबिन लॅकरने (तीव्र थिनरचा, झटपट वाळणारा रंग) रंगवून पूर्ण वाळलेली असेल, तर त्यावर रबरासाठी पाण्याचं ॲक्रिलिक निर्धास्त वापरा. पहिली काही मिनिटं ओलसर ब्रशने चूक पुसली जाते. वाळल्यावर टूथपिकचं टोक पटाशीसारखं तिरकं कापून, किंचित ओलं करून खरवडा. गुळगुळीत लॅकरवर ॲक्रिलिक घट्ट रुतत नाही, त्यामुळे ते सुटून येतं. त्याच कारणाने काम संपल्यावर वरून वार्निशचा थर द्यावाच लागतो, नाहीतर हाताळताना रबर निघून जाईल. लॅकरवर इनॅमलही (सावकाश वाळणारा तेलकट रंग) चालतं, चूक इनॅमलच्या थिनरने पुसायची. उलटा क्रम मात्र कधीही नको. इनॅमलवर लॅकर दिलं की खालचा थर सुरकुततो आणि तिथून परतीचा रस्ता नसतो.

रंग शुद्ध काळा घेऊ नका. मॉडेलवर तो भोकासारखा दिसतो. गडद राखाडी, किंचित चमक असलेला रंग खऱ्या रबराच्या जवळ जातो.

प्रश्न : केबिनच्या बाजूच्या पट्ट्यासाठी मास्किंग टेप लावली. काढल्यावर कडेला रंग आत शिरलेला दिसला.

उत्तर : टेप लावून कड नखाने किंवा टूथपिकने दाबा. मग कडेवर पट्ट्याचा रंग न देता खालचाच रंग किंवा पारदर्शक वार्निश पातळ फिरवा. टेपखाली जे शिरायचं ते हेच शिरेल आणि दिसणार नाही. त्यानंतर पट्ट्याचा रंग दोन-तीन पातळ थरांत द्या. एकच जाड थर दिला तर कडेला बांध उभा राहतो. टेप काढताना तिचं टोक तिच्यावरच उलटं दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढा. रंग हाताला चिकटेनासा झाला की लगेच काढावी. पूर्ण कडक होऊ दिला तर कड दातेरी तुटते.

प्रश्न : रिम, नट आणि टायर यांचा क्रम काय असावा? रिमची कड गोल येत नाही, आणि टायरला दिलेला इनॅमल रंग आठवडा झाला तरी चिकट आहे.

उत्तर : चिकटपणापासून सुरुवात करू. किटमधले मऊ टायर व्हिनाइलचे असतात आणि त्यांना मऊ ठेवणारा प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपतो. त्याच्या संगतीत इनॅमल नीट वाळत नाही. कितीही दिवस थांबलात तरी फार फरक पडणार नाही. रंग पुसून काढा, टायर भांड्यांच्या साबणाने धुऊन कोरडा करा आणि पाण्याचं ॲक्रिलिक वापरा. टायरसाठीसुद्धा गडद राखाडीच चांगला. तामिया या जपानी कंपनीचा एक्सएफ-८५ हा रंग याच कामासाठी बनवलेला आहे.

हाच प्लास्टिसायझर रिमच्या पॉलिस्टायरीनलाही (किटचं कडक प्लास्टिक) खातो. वर्षा-दोन वर्षांनी टायर रिममध्ये वितळून रुतलेला दिसतो तो यामुळे. टायर चढवण्याआधी टायर जिथे बसतो त्या रिमच्या कडेवर पातळ ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा.

रिमची कड गोल हवी असेल तर ब्रश हलवू नका, चाक फिरवा. चाक टूथपिकवर घट्ट बसवा, ब्रशचा हात टेबलावर टेकवून स्थिर धरा, टोक कडेला लावा आणि दुसऱ्या हाताने काडी सावकाश फिरवा. एकाच फेरीत कड पूर्ण करायचा अट्टहास नको. पाव फेरी झाली की ब्रश पुन्हा भरा.

आता नट. जड ट्रकच्या चाकाला बहुधा १० नट असतात आणि नटाचं माप ३२ किंवा ३३ मिलिमीटर, म्हणजे १:२४ मध्ये सुमारे १.३ ते १.४ मिलिमीटर. इथे ब्रशपेक्षा टूथपिक बरी. टोक कापून १ मिलिमीटरचा सपाट माथा करा, त्यावर घट्टसर चंदेरी रंग घ्या आणि नटाच्या डोक्यावर टेकवून उचला. नटाच्या बाजू रंगवायच्या भानगडीत पडू नका. नंतर मुळाशी सोडलेला गडद वॉश (फटी-कोपऱ्यांत उतरणारा अगदी पातळ रंग) ते काम करतो.

क्रम असा : रिमचा रंग, नट, ग्लॉस वार्निश, वॉश, फॉइल आणि सगळ्यात शेवटी टायर. टायरवरची उठावाची अक्षरं पांढरी करायची असतील तर स्पंजच्या तुकड्यावर रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ संपेपर्यंत टिपा आणि मग अक्षरांच्या माथ्यावरून हलकेच फिरवा.

प्रश्न : दारांच्या फटींत काळा वॉश सोडला तर भोवती डाग पसरले. चासीवरचा एक ब्रॅकेट तर वॉश दिल्यावर चक्क तडकला. वॉश वाईट होता का?

उत्तर : वॉशचा दोष नाही, जागा तयार नव्हती. दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. वॉश त्या खडबडीत अडकतो आणि पुसूनही निघत नाही. म्हणून वॉशच्या आधी ग्लॉस वार्निश हवं. वॉश इनॅमलचा किंवा तैलरंगाचा असेल तर वार्निश ॲक्रिलिक घ्या आणि ते किमान एक दिवस वाळू द्या. आधीचा नियमच इथेही लागू आहे. वॉश स्वतः बनवायचा असेल तर १ भाग तैलरंग आणि सुमारे १० भाग थिनर. पूर्ण दारावर पोतारा मारायचा नाही. ब्रशचं टोक फटीला एका जागी टेकवा, द्रव आपणहून फटीतून धावतो. १५ ते ३० मिनिटांनी थिनरने जेमतेम ओलसर केलेली कापसाची काडी फटीला आडवी फिरवून जादा वॉश टिपा. काडी चिंब असेल किंवा फटीच्या दिशेने फिरवली तर फटीतला वॉशही निघून येतो. पांढऱ्या किंवा पिवळ्या केबिनवर काळ्याऐवजी राखाडी किंवा तपकिरी वॉश घ्या, नाहीतर दारं पेनाने रेखल्यासारखी दिसतात.

ब्रॅकेट तडकला तो थिनरमुळे. पॉलिस्टायरीनचा भाग चिकटवताना वाकवून बसवला असेल तर तो ताणात असतो. उघड्या प्लास्टिकवर इनॅमलचा थिनर साचला की ताणाच्या जागी तडा जातो. चासीचे आतले कोपरे, जिथे रंग पोचलेलाच नसतो, तिथे हे हमखास होतं. आधी सगळीकडे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि वार्निश पोचलं आहे ना ते टॉर्चच्या उजेडात पाहा, थिनर साचू देऊ नका आणि ताण देऊन बसवलेल्या भागांवर पाण्याचाच वॉश वापरा. इनॅमल आणि लॅकरच्या थिनरचं काम खिडक्या उघड्या ठेवून करा. एअरब्रशने फवारताना सेंद्रिय वाफांसाठीचा मास्क लावा, धुळीचा साधा मास्क उपयोगाचा नाही.

प्रश्न : क्रोमची जाळी आणि बंपर खेळण्यासारखे दिसतात. स्प्रूवरून (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) कापल्याच्या खुणाही दिसतात.

उत्तर : जाळीला फक्त खोली हवी असते. काळ्या ॲक्रिलिकमध्ये भरपूर पाणी आणि टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच भांड्यांचा साबण घालून ते जाळीत सोडा आणि पट्ट्यांचे माथे ओलसर काडीने पुसा. जाळी लगेच खरी दिसू लागते.

कापल्याची खूण लहान असेल तर क्रोमच्या पेनने टिपा. त्या शाईला वाळायला अनेक दिवस द्या आणि वर वार्निश देऊ नका, आरसा राखाडी पडतो. खूण मोठी असेल किंवा साच्याची जोडरेघ बंपरभर गेली असेल तर क्रोम काढूनच टाका. भाग घरगुती ब्लीचमध्ये बुडवला की ॲल्युमिनियमचा थर विरघळतो. हातमोजे घाला आणि ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. मग रेघ घासा, चकचकीत काळा रंग गुळगुळीत बसवा आणि त्यावर एअरब्रशने क्रोमचा लॅकर पातळ फवारा. चकाकी खालच्या काळ्या थराच्या गुळगुळीतपणावर ठरते. काळ्यात धूळ बसली असेल तर पुढे जाऊच नका.

क्रोम तसंच ठेवणार असाल तर चिकटवायच्या जागेवरून ते खरवडा. प्लास्टिकचा सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) क्रोममधून धरत नाही.

प्रश्न : मागचे दिवे लाल रंगवले, पण ते रंगवलेलेच दिसतात.

उत्तर : आधी चंदेरी रंग किंवा क्रोम द्या, वाळू द्या, मग पारदर्शक लाल. तामियामध्ये एक्स-२७ लाल आणि इंडिकेटरसाठी एक्स-२६ नारिंगी. दोन पातळ थर पुरतात. भाग आडवा ठेवून वाळवा, नाहीतर रंग खालच्या कडेला ओघळून तिथे काळपट होतो.

प्रश्न : डॅशबोर्डवरच्या मीटरचे काटे आणि आकडे ब्रशने कसे काढायचे?

उत्तर : काढूच नका. किटमध्ये डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र) असेल तर प्रत्येक मीटरचा गोल वेगळा कापून ग्लॉस पृष्ठभागावर बसवा, वर डिकॅल मऊ करणारं द्रावण लावा. डिकॅल नसेल तर मीटरला आधी पांढरा लॅकर आणि वाळल्यावर काळं ॲक्रिलिक द्या. ते वाळलं की सुईने काटे आणि खुणा खरवडा, खालचा पांढरा उघडा पडतो. शेवटी प्रत्येक मीटरमध्ये ग्लॉस वार्निशचा एक थेंब सोडा, तीच मीटरची काच.

प्रश्न : केबिनच्या काचा बसवल्यावर दुसऱ्या दिवशी कडेने पांढुरक्या झाल्या.

उत्तर : सुपरग्लूची वाफ काचेवर बसली आहे. डाग हलका असेल तर प्लास्टिकच्या पॉलिशने बराच निघतो. यापुढे काचेला पांढरा पीव्हीए गोंद वापरा. तो पारदर्शक वाळतो आणि कडेला सांडलेला ओल्या काडीने पुसला जातो.