सायकलने कर्नाळा आणि परत घरी, पाय पुरतील का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी चेंबूरला राहतो, वय 41. दर रविवारी हायब्रिड सायकलवर वाशीचा पूल ओलांडून पाम बीच रोडला जाऊन येतो, म्हणजे 40-45 किमीची सवय आहे. मेहुणा पक्का ट्रेकर, तो म्हणतो जानेवारीत एकाच दिवसात सायकल आणि किल्ला दोन्ही करू, कर्नाळा चढू आणि अंधार पडायच्या आत घरी. बायको म्हणते दोघं टेम्पोतून परत येणार. कोण बरोबर? आणि अटल सेतूवरून गेलो तर अंतर वाचेल ना?

उत्तर : सेतूचं आधी मिटवते, तिथे सायकलला बंदी आहे, बाइक आणि रिक्षालासुद्धा. तेव्हा तुमचा नेहमीचा वाशीचा पूल, मग पाम बीच, बेलापूर, पनवेल, तिथून पळस्पे फाट्याला गोवा हायवे धरायचा. एका बाजूने 45 किमीच्या आसपास पडतं, म्हणजे तुमचा अख्खा रविवार जातानाच संपतो आणि मग डोंगर सुरू होतो. म्हणून म्हणते, वहिनींचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका.

पण होतं हो, मी केलंय. चढायला फार त्रास नाही, किल्ला साडेचारशे मीटरच्या आत, पायथ्याच्या पक्षी अभयारण्याच्या गेटपासून रमतगमत दीड तास. खरी गंमत उतरताना. सायकल चालवताना मांड्या नुसतं ढकलायचं काम करतात, वजन झेलत खाली येणं त्यांना माहीतच नसतं, त्यामुळे रोज सायकल मारणाऱ्याचेही पाय उतारावर लटपटायला लागतात. त्यात हिवाळ्यात माती सुकून वाटेवर घसारा झालेला असतो आणि वरून वाळका पाचोळा. पहिल्या वेळी मी शहाणपणा करून क्लीटवाले, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेले सायकलिंग शूज घालून गेले होते, वाटलं एवढ्यासाठी दुसरी जोडी कोण वाहणार, आणि उतरताना एका कातळावर पाय असा सटकला की पुढचे दहा फूट बसूनच आले, मागे कॉलेजची पोरं, त्यांनी व्हिडिओ काढला नाही हेच नशीब. तेव्हा साधे पेडल लावा आणि ट्रेकचे बूट घालूनच सायकल चालवा, स्पीड थोडा कमी मिळेल, मिळू दे.

आता मुख्य गोष्ट वारा, ही मेहुण्याला मोठ्याने वाचून दाखवा. थंडीत पहाटे वारा जमिनीकडून येतो आणि तोही मंद, त्यामुळे जाताना काही जाणवत नाही, आपण स्वतःला भारी समजायला लागतो. दुपारी समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि पनवेलहून वाशीला येताना तुमचं तोंड वायव्येलाच असतं. म्हणजे उतरून पाय संपलेले, ऊन डोक्यावर आणि पूर्ण पाम बीच वारा छातीवर. मला सीवूड्सच्या सिग्नलला पोटरीत असा गोळा आला की सायकल आडवी टाकून फुटपाथवर बसले, पलीकडे खाडीत फ्लेमिंगो आलेत म्हणून लोक गाड्या थांबवून बघत होते आणि मी पोटरी चोळत होते.

म्हणून वेळ परतीवरून ठरवा. पहाटे पाचला निघा, जानेवारीत सूर्योदय सव्वासातला होतो तर पहिले दोन तास अंधार, पुढे-मागे लाइट हवेतच, पळस्प्याला कंटेनरवाले असतात त्यांना तुम्ही दिसलं पाहिजे. साधारण आठला गेटवर पोचाल. तिथे बॅगेतलं प्लास्टिक मोजून डिपॉझिट घेतात, बाटल्या मोजक्याच न्या, सायकली गेटजवळच कुलूप लावून ठेवा. साडेदहाला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, अगदी बुरूज समोर दिसत असला तरी. बाराच्या आत हायवेला लागलात तर साडेतीन-चारला चेंबूर. आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, अलिबाग-गोव्याची सगळी मुंबई त्याच रस्त्यावर असते.

वर गेलात की तो सुळका, अंगठ्यासारखा उभा, पायथ्याशी पाण्याची टाकी खोदलेली. सुळक्याला आग्या मोहोळं लटकलेली असतात, तिथे आरडाओरडा नको, सिगारेट नको, आणि कृपा करून डिओ मारून जाऊ नका. वाटेत गप्पा कमी केल्यात तर भृंगराज पक्षी दिसेल, शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे गोंडे, मला दोनदा दिसलाय, दोन्ही वेळा दम लागून गप्प बसले होते तेव्हाच.

थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं राहतं आणि मग पोटऱ्या धरतात, दर अर्ध्या तासाला दोन घोट घ्याच. खायला केळी, चिक्की, संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू, चढण्याआधी मिसळ नको. जाताना शिरढोणला पाच मिनिटं थांबा, वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव, 1845 चा जन्म तिथला, त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. त्या गावातून निघून किल्ल्याकडे बघितलं की चढायला वेगळीच मजा येते.

आणि पनवेलला कोणी मावशी, आत्या असेलच, हल्ली सगळ्यांची असते. पहिल्या वेळी आदल्या संध्याकाळी सायकलवर तिच्याकडे जाऊन राहा, सकाळी फक्त 10-12 किमी उरतं. वहिनींना सांगायची गरज नाही.

प्रश्न : आम्ही दहिसरचे, मुलगी 11 वर्षांची, तिला असंच काहीतरी करायचंय पण हायवे नको. काही आहे का?

उत्तर : आहे की, घराजवळच. बोरिवलीचं नॅशनल पार्क. गेटपाशी भाड्याने सायकली मिळतात, आतून कान्हेरीपर्यंत साधारण 6 किमी, शेवटचा चढ जरा दमवतो तिथे तिला खुशाल उतरून ढकलू दे. मग लेण्यांच्या पायऱ्या चढून वरच्या कातळावर जायचं, शंभराच्या वर लेणी आहेत, सगळी बघायच्या भानगडीत पडू नका. सोमवारी पार्क बंद असतं. वाटेत बोरं-पेरू विकायला बसलेल्या बायका दिसतील, घ्या, पण पिशवी हँडलला लटकवू नका. आमच्या भाच्याची लटकवलेली पिशवी माकडाने चालत्या सायकलवरून नेली आणि समोरच्या झाडावर बसून मीठ-मसाल्याची पुडीसुद्धा उघडून खाल्ली.