‘थंयची आयली’

फोंडा, जुलैचा पहिला रविवार

प्रिय बाय,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. एकदा चहा ठेवताना आणि एकदा तो उतू गेल्यावर. फोन केला असता, पण या पावसात निम्मं बोलणं ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच जातं, म्हणून सावकाश लिहिते.

ग्लासगोहून शिकून परत आलीस, इथल्या औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागलीस, तर पगार कमी आहे, तीन आठवडे नुसत्या एसओपी, म्हणजे कामाच्या लेखी पद्धती, वाचून सह्या करायला लावल्या, लोक ‘परत का आलीस’ विचारतात, आई डबा भरून देते आणि बाबा छत्री घेऊन बसस्टॉपवर उभे असतात. एवढं सगळं लिहिलंस. त्यात ‘तिकडे’ हा शब्द किती वेळा आला माहीत आहे? अकरा. मोजले मी. तो शब्द मोजायची मला खोड आहे, कारण त्याच शब्दानं कंपनीत माझं बारसं झालं होतं.

1994 साली मी जर्मनीतून, मार्बुर्गहून, दोन वर्षांनी परत आले आणि इथल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्या, लॅबमध्ये लागले. लॅबमध्ये माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे एक अ‍ॅनालिस्ट होते. शिक्षण साधं बी.एस्सी., पण एचपीएलसीच्या, म्हणजे सॅम्पलमधले घटक वेगळे करणाऱ्या मशीनच्या, पंपाचा आवाज ऐकून प्रेशर किती असेल ते सांगायचे. तिसऱ्याच आठवड्यात एका संध्याकाळी मी शेवटचं सॅम्पल संपवलं आणि बसची वेळ झाली म्हणून घाईघाईनं कॉलम, म्हणजे सॅम्पल ज्यातून जातं ती नळी, धुवायला थेट शंभर टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल लावलं. ते मागून म्हणाले, “पयलीं उदक सोड गो, मागीर तें.” मी मागे वळूनही न बघता म्हटलं, “तिकडे आम्ही असंच करायचो.” आणि बस पकडली.

पुढचं तुला कळलंच असेल. त्या पद्धतीत फॉस्फेट बफर होता, म्हणजे पाण्यात विरघळवलेला क्षार. बफरवर पाणी न सोडता अ‍ॅसिटोनायट्राइल गेलं की क्षार विरघळलेला राहत नाही, आतल्या आत त्याचे खडे होतात. सकाळी पंप सुरू केला तर प्रेशर चढतच गेलं आणि मशीन आपोआप बंद पडलं. ते आले, पंपावर तळवा ठेवून क्षणभर उभे राहिले, कॉलम काढून उलटा जोडला आणि अगदी कमी वेगानं कोमट पाणी सोडलं. दिवसभर थेंब थेंब पडत होता आणि मी समोर बसून बघत होते. कॉलम निम्मा वाचला. आलेखावरची टोकं, म्हणजे पीक, पुढे कायमची पसरटच यायची. ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले बाकीचे. दुसऱ्या दिवशी लॅबचं दार ढकललं तर कुणीतरी हळूच म्हणालं, “थंयची आयली.” म्हणजे ‘तिकडची आली’. वर्षभर मी ‘थंयची’ होते.

मोठ्यांचं ऐकावं म्हणून ही गोष्ट सांगत नाहीय. मोठे पुष्कळदा चुकतात, मीही चुकते. सांगायचं आहे ते वेगळं. मार्बुर्गला शिकलेलं काही चुकीचं नव्हतं. तिथल्या माझ्या पद्धतीत बफरच नव्हता, नुसतं मिथेनॉल आणि पाणी. तिथे ते बरोबरच होतं. इथे बाटलीत काय आहे ते न बघता मी तिथला हात चालवला. तूही ग्लासगोहून जे घेऊन आली आहेस ते चोख आहे. फक्त वापरण्याआधी इथल्या बाटलीत काय आहे ते बघ.

उदाहरणच देते, उद्याच उपयोगी पडेल. कार्ल फिशरवर ओलाव्याची चाचणी करशील तेव्हा सॅम्पलची बाटली उघडी ठेवून वजनकाट्यापाशी जाऊ नकोस. म्हणशील, ग्लासगोतही बारा महिने पाऊसच होता. होता, पण तिथली हवा थंड, आणि थंड हवेत वाफ मावते ती किती! वेर्ण्याच्या पठारावरच्या जुलैच्या हवेत पाणी ओळंबलेलं असतं. ओलावा ओढणारी पावडर दोन मिनिटं उघडी राहिली तरी आकडा वर सरकतो. मग बॅच मर्यादेबाहेर दिसते, चौकशी लागते, आणि चौकशीच्या कागदावर नव्या अ‍ॅनालिस्टचं नाव पहिलं येतं. एसी आणि डीह्युमिडिफायर चालू आहे यावर विसंबू नकोस, भिंतीवरचा आर्द्रतेचा आकडा स्वतः वाचून लिही.

एसओपींचा तुला कंटाळा आलाय. कुणालाही येतो. पण त्या सह्या म्हणजे रॅगिंग नव्हे. ज्या पद्धतीचं प्रशिक्षण तुझ्या नावावर नोंदलेलं नाही, त्या पद्धतीनं तू केलेल्या चाचणीला ऑडिटमध्ये किंमत शून्य, मग तुझी पदवी कुठलीही असो. वाचताना पेन्सिलीनं प्रश्न मात्र लिहीत जा. प्रतीवर नव्हे, आपल्या वहीत! आणि नोंदवहीचं एकच सांगते. जे केलंस ते केलंस त्याच क्षणी लिही. तळहातावर, टिश्यूवर, मागच्या कोऱ्या कागदावर नको. चुकलं तर आडवी एक रेघ, बाजूला सही, तारीख, कारण. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. अमेरिकेच्या एफडीएचे, म्हणजे तिथल्या औषध नियामकाचे, निरीक्षक कचऱ्याच्या टोपलीतले फाटके कागदही जोडून बघतात. खरा धोका तिथे नसतो, तो संध्याकाळी पाचला असतो, जेव्हा एक रकाना रिकामा राहिलेला दिसतो आणि शेजारचा म्हणतो, “घाल गो सकाळची वेळ, कोण बघतोय.” घालू नकोस. सुपरवायझरकडे जा आणि राहिलं म्हणून सांग. बोलणी बसतील, चहाच्या वेळेपर्यंत विसरतीलही.

मग ‘तिकडे’ कधीच म्हणायचं नाही का? म्हणायचं, पण तोंडानं नाही, कागदानं. सहा महिन्यांनी तुझ्या लक्षात येईल की एखादी गोष्ट इथे खरंच वाईट चालली आहे. दहा दिसतील, त्यातली एक निवड. महिनाभराचे आकडे गोळा कर, दोन पद्धती शेजारी शेजारी मांडून दाखव आणि रीतसर चेंज कंट्रोल, म्हणजे पद्धत बदलायचा अर्ज, टाक. त्या कागदावर ग्लासगोचं नाव यायचीही गरज नाही. कॉलम धुण्याची इथली एसओपी पुढे मीच नव्यानं लिहिली. त्यात ‘आधी पाणी, दहा कॉलम व्हॉल्यूम’, म्हणजे कॉलममध्ये मावेल त्याच्या दहापट, असं घातलं आणि पुनरावलोकनासाठी सही त्याच अ‍ॅनालिस्टांची घेतली. त्यांनी दोनदा वाचली, पेन खिशाला अडकवलं, आणि ‘थंयची’ तिथून पुढे कुणी म्हटलं नाही.

हो, लॅबमध्ये कोकणीत बोल. आपल्या घरी मराठी, पेपर मराठी, तुझं इंग्रजी आता छान झालेलं. पण हेल्परपासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांची गाठ कोकणीतच पडते, आणि परराज्यातून आलेल्यांशी हिंदीत. मीटिंग इंग्रजीत होते, खरी माहिती कँटीनमध्ये कळते.

आता पगार. कमी आहेच, खोटं कशाला सांगू. पण रोज सकाळी पौंडाचा भाव बघून गुणाकार करतेस ते थांबव. तिकडचा पगार धरायचा तर तिकडचं भाडंही धर, आणि डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाच वाजता अंधारात एकटीनं गिळलेलं ते थंड सँडविचही. दोन वर्षं इथे हात बसू दे, मग हैदराबाद म्हण, अहमदाबाद म्हण, मी स्वतः शब्द टाकीन. वर्षाच्या आत सोडलीस तर नाही टाकणार.

कागदपत्रांचं भरभर सांगते. नेमणूकपत्रात लिहिलेला वार्षिक आकडा आणि हातात येणारा आकडा यांत फरक असतो, कारण कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि बहुतेकदा ग्रॅच्युइटीही त्यात धरलेली असते. पीएफ मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर 12 टक्के तुझा, तेवढाच कंपनीचा. शैक्षणिक कर्जाला अभ्यासक्रमानंतर साधारण वर्षभर हप्त्याची सूट असते, पण व्याजाला सूट नसते. ते वर्ष तू तिकडेच काढलंस, तेव्हा हप्ता दाराशी आलाच आहे असं समज. या व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण जुन्या करपद्धतीत. आता नवी पद्धत आपोआप लागते आणि तिच्यात 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच बसत नाही. तेव्हा ‘कर्ज आहे ना, जुनीच धर’ असं सांगणाऱ्या काकांना लाडू दे आणि सोड. जाताना बँकेतलं खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं, केलं होतंस, ते परत साधं करून घे. आणि ग्लासगोचं खातं अजून उघडं आहे ना? दोनच वर्षं बाहेर होतीस, म्हणजे इथे पूर्ण वर्षाची रहिवासी झालीस की ते खातं रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावं लागेल. शिल्लक पाच पौंड असली तरी. रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-1, त्यासाठी चालत नाही. सरळ बंदच कर ते.

‘परत का आलीस’ हा प्रश्न मात्र गोव्यात जरा टोचरा आहे. आपल्याकडे प्रत्येक वाड्यावर कुणीतरी बोटीवर, कुणी आखातात, कुणी पूर्वीच पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडातल्या स्विंडनला गेलेलं. गेलेला माणूस घर बांधायला आणि गणेशचवथीला येतो, राहायला नाही. म्हणून राहायला आलेल्याचं काहीतरी बिनसलं असणार, व्हिसा नसेल मिळाला, असं लोक धरून चालतात. तुला व्हिसा मिळाला असता की नसता, याचा हिशेब त्यांना देऊ नकोस. स्पष्टीकरण लांबलं की संशय वाढतो. एक वाक्य ठरव आणि तेच म्हण. मी म्हणायचे, “शिकून झालं, आले.” तिसऱ्यांदा तेच ऐकलं की माणूस माशांच्या भावावर येतो.

आता बाबांची छत्री. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, एसओपीहूनही. कंपनीची बस बोरीच्या पुलावर अडकून तिस्कावर पावणेसातला पोचते. बाबा साडेसहापासून उभे असतात. मीच परवा बघितलं. एक छत्री डोक्यावर, दुसरी मिटलेली काखेत. पाणी पायजम्यावरून चपलांत. तू बसमधून उतरलीस, स्वतःची फोल्डिंगची छत्री उघडलीस आणि दोन पावलं पुढे चालायला लागलीस. ते काखेतली तशीच घेऊन मागे.

दोन वर्षं तू एकटी मध्यरात्री घरी आलीस, स्वतःचं भाडं भरलंस, तापात स्वतःच सूप करून प्यालीस. आणि आता जेवलीस का, कुठे पोचलीस, कुणाचा फोन होता. गुदमरतं, कबूल. पण भांडण छत्रीवरून करू नकोस. त्यांच्या हातात छत्री सोडून तुझ्यासाठी दुसरं काही उरलेलं नाही. तू जाताना सतरा वेळा बॅग तोलणारा माणूस आहे तो. घरात तुझी जागा मोठ्या माणसाची करायची असेल तर ती मागून मिळत नाही. विजेचं बिल आणि गॅस तू स्वतःच्या खात्यातून भरायला लाग, न सांगता. रविवारचं एक जेवण तुझं. आई ओट्याशी घुटमळेल, मीठ बघेल, बघू दे. जे सूप तापात प्यालीस तेच कर आणि सोबत पोई, आपला गव्हाचा पाव, आण. पहिल्या पगारातून त्यांना पाकीट देऊ नकोस, कपाटात जाईल आणि तुझ्याच लग्नासाठी निघेल. आईचा मिक्सर चार वर्षं कुरकुरतोय, तो बदल. उशीर होणार असेल तर त्यांनी विचारायच्या आधी तूच कळव. मी मार्बुर्गहून आल्यावर हे केलं नाही. कुणी विचारलेलं मला खपत नसे. माझ्या वडिलांनी सहा महिन्यांनी विचारणं बंद केलं, आणि मग मला ते बंद झालेलं आवडेना. पण परत सुरू करा म्हणून कसं सांगणार?

एक राहिलंच. चवथीच्या रजेचा अर्ज उद्याच टाक. नव्या माणसाला वाटतं सणाच्या आधी आठवडाभर टाकू. तोपर्यंत रोस्टर भरलेलं असतं आणि मशीनवर थांबायला तूच उरतेस. आमच्या लॅबमध्ये चवथीला ख्रिस्ती सहकारी आमच्या शिफ्ट घेत आणि नाताळात आम्ही त्यांच्या. तुझ्या शेजारच्या बाकावर कोण आहे ते बघ आणि 24 आणि 25 डिसेंबर तू घेशील असं आधी स्वतःहून सांग, मग रजा माग. तुमचा गणपती पाच दिवसांचा, पण पाचही रजा मिळायच्या नाहीत. पहिले दोन माग. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस, गेल्या वर्षी तू नव्हतीस तेव्हा ते चढले होते.

तुझी,
शेजारची मावशी