लिंबानं फसवलेला प्रयोग आणि जेवताना प्यायलेलं पाणी

प्रश्न : सातवीतल्या मुलीच्या प्रकल्पासाठी तीन वाट्या मांडल्या. पहिलीत भाताची पेज, दुसरीत पेज आणि लाळ, तिसरीत पेज, लाळ आणि पोटातल्या आम्लाऐवजी लिंबाचा रस. २० मिनिटांनी टिंक्चर आयोडीन टाकलं, तर फक्त पहिली निळी झाली. म्हणजे लाळ आम्लातही पिष्ट पचवते का?
– एक पालक, कोथरूड

उत्तर : नाही. तिसऱ्या वाटीतला रंग लाळेनं नव्हे, लिंबातल्या क जीवनसत्त्वानं घालवला. ते आयोडीनचं आयोडाइड करून टाकतं आणि आयोडाइडनं पिष्ट निळं होत नाही. खात्री करायची तर लाळ न घालता नुसती पेज आणि लिंबू घेऊन पाहा. तीही वाटी निळी होणार नाही. थेंब वाढवत नेलेत तर जीवनसत्त्व संपल्यावर मात्र होईल.

लिंबाऐवजी पांढरं व्हिनेगर वापरा. चूळ भरून झाल्यावर चहाचा एक चमचा लाळ घ्या, तेवढंच व्हिनेगर त्यात मिसळून पाच मिनिटं ठेवा आणि मगच पेज घाला. आधी पेज घातलीत तर व्हिनेगर पडेपर्यंत लाळेचं बरंचसं काम उरकलेलं असतं. पेज पातळ हवी, चमचाभर पेजेला दहा चमचे पाणी. दाट पेजेतलं पिष्ट एवढ्याशा लाळेला वेळेत संपत नाही. शिवाय ती कोमटच हवी, कारण उकळत्या पेजेत लाळेतलं पिष्ट तोडणारं अमायलेज निकामी होतं. आयोडीन मात्र वाटी गार झाल्यावरच टाका, गरम असताना निळा रंग टिकत नाही. आता दुसरी वाटी पिवळसर राहील आणि तिसरी निळी होईल.

जठरातही हेच घडतं. अमायलेजला ७ च्या आसपासचा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) मानवतो, जठररसाचा असतो १.५ ते २. तिथे प्रथिनं तोडणारं पेप्सिन कामाला लागतं. पण गिळलेला घास जठराच्या वरच्या भागात काही काळ तसाच पडून असतो, आणि आम्ल त्याच्या आतपर्यंत मुरायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. तोवर आत लाळेचं काम चालूच! प्रकल्पात हे वाक्य घाला, बाई खूश होतील.

प्रश्न : जेवताना पाणी प्यायलं की जठररस पातळ होऊन अन्न पचत नाही, असं घरातली मोठी माणसं सांगतात. खरं का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : पेलाभर पाण्यानं काही बिघडत नाही. आम्लात तेवढंच पाणी मिसळलं तरी सामू जेमतेम ०.३ नं वाढतो, आणि जठर जेवणभर नवा रस सोडतच असतं. खोड वेगळीच असते : भाकरीचा अर्धवट चावलेला घास पाण्याबरोबर ढकलणं. जठराच्या खालच्या टोकाशी, आतड्याकडे उघडणारी झडप साधारण १ ते २ मिलिमीटरपर्यंत बारीक झालेले कणच पुढे सोडते. मोठे तुकडे मिनिटाला तीनेक लाटांनी पुन्हा पुन्हा घुसळले जातात आणि पोट जड राहतं. पाणी प्या, पण घास चावून गिळल्यावर.

प्रश्न : मिसळ खाल्ल्यावर खायचा सोडा घेतला की ढेकर येते. म्हणजे पचलं ना?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही. सोडा आणि आम्ल भेटल्यावर कार्बन डायऑक्साइड होतो, ढेकर त्याची. जळजळ तेवढ्यापुरती शमते, पण सोड्यातून सोडियम जातं. रक्तदाब असेल तर टाळाच. जळजळ दोन-तीन आठवडे रोज होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. शौचाला काळी होत असेल किंवा वजन उतरत असेल तर तेवढंही थांबू नका.