जखमी कुत्रे केंद्रात देताना आणि तेथून परत घेताना

तुम्ही लिहिले आहे की कराडजवळ सेवारस्त्यावरच्या एका ढाब्यामागे गाडीची धडक बसलेली कुत्री तुम्हाला सापडली, स्थानिक स्वयंसेवकांनी तिला उचलून एका उपचार केंद्रात दाखल केले, मागच्या पायाला प्लॅस्टर झाले, आणि आता केंद्राकडून निरोप आला आहे की पिंजरा रिकामा हवा आहे, दोन दिवसांत घेऊन जा, नाहीतर तिला सोडून देऊ. घर अजून मिळालेले नाही आणि तुम्ही स्वतः भाड्याच्या खोलीत राहता. ‘नाहीतर सोडून देऊ’ हे शब्द मीही ऐकलेले आहेत आणि त्यापुढे काय होते तेही पाहिलेले आहे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी पशुवैद्य नाही आणि वकीलही नाही. अनेक वर्षे स्वयंसेवक म्हणून काम करताना जे कळले तेवढेच सांगते. औषधाचा प्रश्न डॉक्टरांनाच विचारावा.

तिला गाडीतून कसे न्यावे, खायला काय द्यावे, या गोष्टी तुमच्याबरोबरच्या मंडळींना ठाऊक असतीलच, त्यामुळे त्या सोडून देते. माझ्या मते तुमचा आजचा खरा प्रश्न घराचा नाही, कागदाचा आहे. तिला केंद्रात दाखल केल्याची पावती तुमच्याकडे आहे का? केसपेपरची प्रत आहे का? त्यावर ती कोठून उचलली ते ठिकाण लिहिले आहे का, आणि संपर्कासाठी तुमचे नाव व क्रमांक आहे का? यांपैकी काहीही नसेल तर घर शोधण्याआधी उद्या सकाळी हेच काम करा. का, ते आमच्या बाबतीत जे घडले त्यावरून कळेल.

भाजीमंडईच्या मागच्या बाजूला एक तरुण नर कुत्रा फिरत असे. तो पिल्लू असताना कोणीतरी त्याच्या गळ्यात नायलॉनची दोरी बांधली होती आणि ती पुढे कधीच सोडली नाही. मान वाढत गेली, दोरी कातडीत रुतत गेली, आणि आम्हाला तो दिसला तेव्हा दोरी बाहेरून दिसतच नव्हती. मानेभोवती ओला, लालसर खळगा दिसत होता आणि त्याच्या कडेने अळ्या वळवळत होत्या. आमच्यातल्या दोघांनी त्याला जाळीत घेतले आणि शहरातल्या एका केंद्रात दाखल केले. त्या केंद्राचे नाव मी येथे घेणार नाही. भूल देऊन दोरी कापण्यात आली, जखम रोज धुतली गेली आणि कुत्रा सावरू लागला. जखम धुणारे तिथले मदतनीस अतिशय मायेने काम करत, हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. दरम्यान शेजारच्या तालुक्यातील एका निवृत्त दांपत्याने त्याला घरी ठेवण्याची तयारी दाखवली. आम्ही त्यांचे घर पाहून आलो, कुंपण तपासले, आणि त्याला न्यायचा दिवसही ठरला.

त्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा त्याच्या पिंजऱ्यात दुसरेच कुत्रे होते. नोंदवही मागितली. एका ओळीत लिहिले होते, ‘नर, तपकिरी, मानेस जखम, सोडले’. ठिकाण नाही, वेळ नाही, सही नाही. प्रत्येक कुत्र्याला क्रमांकाचा पट्टा असायला हवा ना, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की मानेला जखम असल्यामुळे याला पट्टा घातला नव्हता. मग तोच क्रमांक पिंजऱ्याला का अडकवला नाही, याला उत्तर नव्हते. पट्टे मात्र टेबलाच्या खणात गठ्ठ्याने पडलेले आम्ही पाहिले. गाडीवाल्याला विचारा, असे टेबलावरच्या माणसाने सांगितले. गाडीवाला म्हणाला की मला जी यादी दिली त्याप्रमाणे मी सोडतो. वरच्या कार्यालयात गेलो तर लेखी अर्ज द्या असे सांगण्यात आले, आणि अर्जाला बऱ्याच दिवसांनी एका वाक्याचे उत्तर आले की संबंधित श्वानास मूळ ठिकाणी सोडण्यात आले आहे. मंडईतल्या एकाही भाजीवाल्याने त्याला पुन्हा पाहिलेले नव्हते. पुढे खोदून विचारल्यावर कळले की त्याच फेरीत आणलेल्या दुसऱ्या एका कुत्र्याचे ठिकाण याच्या नावापुढे गेले असावे. आम्ही त्या वस्तीत चहाच्या टपऱ्यांवर, कचराकुंड्यांजवळ चौकशी केली, फोटो लावले. तो सापडला नाही.

अर्धवट भरलेली मान घेऊन परक्या हद्दीत सोडलेल्या कुत्र्याचे काय होते, हे या कामातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत, पाणी कोठे आहे हे त्याला ठाऊक नसते आणि जखमेवर माश्या पुन्हा बसतात. त्या दांपत्याने नंतर दुसरे कुत्रे घेतले नाही, आणि त्यांना आग्रह करण्याचे धैर्य मला झाले नाही. उपचाराला पैसे, हात, औषधे सर्व काही मिळाले होते. एका ओळीच्या नोंदीची कोणाला फिकीर नव्हती, आणि त्यात एक बरे होत आलेले जनावर गेले. याचा राग मला आजही येतो.

आता नियमांविषयी, जेवढे मला नक्की माहीत आहे तेवढे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पकडलेल्या कुत्र्याची नोंद ठेवणे, त्याला क्रमांक देणे, ज्या परिसरातून आणले त्याच परिसरात त्याला सोडणे आणि सोडल्याची तारीख, वेळ व ठिकाण नोंदवणे अपेक्षित आहे. हे नियम नसबंदीसाठी आणलेल्या कुत्र्यांविषयी आहेत हे खरे, परंतु आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नसबंदीचे आणि उपचाराचे पिंजरे एकाच छपराखाली असतात, नोंदवही एकच असते आणि गाडीही एकच असते, त्यामुळे तीच शिस्त मागण्यात गैर काही नाही. शिवाय 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 प्रमाणे, भूक किंवा तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. प्लॅस्टर घातलेली कुत्री रस्त्यावर स्वतःचे अन्न शोधू शकत नाही, हे तुमच्या अर्जात स्पष्ट शब्दांत लिहा.

ठिकाणाची नोंद आता आणखी एका कारणाने महत्त्वाची झाली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक नसल्यास, मूळ जागी सोडण्यास सांगितले. परंतु 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा आवारांतून उचललेली कुत्री त्याच जागी परत सोडू नयेत असे म्हटले. म्हणजे कोणी घाईत ‘एस.टी. स्टँड’ असे लिहिले तर तुमच्या कुत्रीचे पुढचे सगळे बदलू शकते. महामार्गांवरील मोकाट जनावरांविषयीही त्याच आदेशात निर्देश आहेत, म्हणून ‘महामार्ग’ असे मोघम न लिहिता ढाब्यामागची नेमकी जागा लिहून घ्या. या आदेशांची आजची स्थिती मात्र एखाद्या वकिलाकडून तपासून घ्यावी.

त्याच ऑगस्टच्या आदेशात तुमच्या उपयोगाची आणखी एक तरतूद आहे. ज्यांना रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घ्यायचे आहे त्यांनी नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे अर्ज करावा, त्या कुत्र्याला खूण करून ते अर्जदाराला द्यावे, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी अर्जदाराची राहील, असे त्यात म्हटले आहे. घर मिळाले की हा मार्ग वापरा. कटकटीचा वाटला तरी पुढे शेजाऱ्यांनी तक्रार केल्यास हाच कागद कामास येतो.

घराविषयी माझे मत थोडे कठोर आहे, आणि सर्वांना ते पटणार नाही. दोन दिवसांत कायमचे घर शोधू नका. घाईत मिळालेले घर बहुतेक वेळा घाईतच सुटते. त्याऐवजी प्लॅस्टर निघेपर्यंत तिला सांभाळणारे फॉस्टर, म्हणजे तात्पुरते घर देणारे कोणी, शोधा आणि मागणी करतानाच मुदत सांगा. ‘कायम ठेवाल का’ या प्रश्नाला नाही म्हणणारी माणसे ‘दीड महिना ठेवाल का’ याला हो म्हणतात, असा माझा अनुभव आहे. खर्च आणि डॉक्टरकडची ने-आण तुम्ही सर्वजण मिळून कराल हे त्यांना आधीच सांगा आणि पाळा. फॉस्टर मिळालेच नाही तर पैसे जमवून खासगी बोर्डिंगमध्ये, म्हणजे पैसे घेऊन कुत्री सांभाळणाऱ्या ठिकाणी, ठेवणे हे रस्त्यापेक्षा केव्हाही चांगले. मात्र तेथेही पावती घ्या.

फॉस्टरला सांगण्याच्या गोष्टींपैकी एक फार महत्त्वाची आहे. प्लॅस्टरच्या खालून दिसणारी बोटे रोज पाहायची आणि हात लावून पाहायची. ती सुजली, गार लागली, प्लॅस्टरमधून घाण वास येऊ लागला किंवा कुत्री एकसारखे तिथे चावू लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरकडे न्यायचे. बाहेर नेताना पायावर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी आणि आत आल्याबरोबर काढावी. पिशवी तशीच राहिली तर आत ओल धरते. आणि दुखते म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नये; आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या आतड्यात जखमा होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

कायमचे घर शोधताना रक्ताळलेला फोटो पुढे करू नका. तो पाहून हळहळणारे पुष्कळ भेटतात, पण ज्यांना रोज कुत्रे सांभाळायचे आहे त्यांना तिचा आजचा चेहरा, अंदाजे वय, नसबंदी झाली आहे की नाही, रेबीजची लस कधी दिली, आणि प्लॅस्टर निघाल्यावर ती थोडी लंगडण्याची शक्यता आहे का, हे हवे असते. लंगडण्याचे लपवू नका. भाडेकरू असतील तर घरमालकाची लेखी संमती मागा. सोसायटी आडवी आली तर, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बहुमताचा ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, हे त्या कुटुंबाला आधीच सांगून ठेवा. ‘शेतावर राखणीला हवी’ असे म्हणणाऱ्यांकडे मी स्वतः कुत्रे देत नाही, कारण तिथे पुष्कळदा दिवसभराची साखळीच नशिबी येते. अर्थात शेतावर पोटच्या लेकरासारखी कुत्री सांभाळणारी माणसेही मी पाहिली आहेत, तेव्हा जाऊन पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. दत्तकपत्रात एक वाक्य अवश्य असू द्या: सांभाळणे अशक्य झाले तर कुत्री परस्पर कोणाला न देता आमच्याकडे परत करू.

आता उद्याचे काम. साध्या कागदावर अर्ज लिहा: कुत्रीचे वर्णन, दोन्ही बाजूंचे आणि चेहऱ्याचे फोटो, एखादी न बदलणारी खूण, उचलल्याचे नेमके ठिकाण व तारीख, प्लॅस्टर असल्याचा उल्लेख, ‘आम्हाला लेखी कळवल्याशिवाय तिला परस्पर सोडू नये’ ही विनंती आणि तुम्ही तिला कोणत्या तारखेला नेणार ते. मानेतला पट्टा निघू शकतो, म्हणून तिच्या पिंजऱ्याला तुमचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी तारेने बांधून या आणि तिचा फोटो काढा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देण्यास नकार मिळाला तर वाद घालत बसू नका. तोच मजकूर तिथेच उभे राहून केंद्रप्रमुखांना व्हॉट्सॲपवर आणि ईमेलने पाठवा, आणि त्याची प्रत नगरपालिकेला व जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला द्या. शक्य असल्यास एकट्या जाऊ नका. ज्यांनी तिला उचलले त्यांच्यापैकी एकाला बरोबर न्या, कारण ती कोठून उचलली हे प्रत्यक्ष पाहिलेला माणूस तोच आहे.